समता दिनाचा फराळ

"गमरेबाई, बुधवारी कशाचा उपास असतो हो?"

समता दिन उत्सव समितीचे अध्यक्ष बापूसाहेब पाध्ये यांनी भर बैठकीत मला हे विचारलं, तेव्हा मी इतिवृत्त लिहीत होते. तळेकोंड नगरपरिषदेत मी कनिष्ठ लिपिक होते. समितीत बौद्धवाडीचं कोणीतरी दिसायला हवं म्हणून मला घेतलं होतं, आणि घेतलंच आहे तर लिहायचं कामही तिलाच द्या, असा दुहेरी विचार त्यामागे होता.

"बुधवारी नसतो, साहेब," मी म्हटलं. "सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवार मोकळा आहे."

"आणि तिथी?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "षष्ठी. एकादशी नाही, संकष्टी नाही, प्रदोषसुद्धा नाही."

बापूसाहेबांचा चेहरा पडला. आमचे मुख्याधिकारी भोयर नुकतेच विदर्भातून बदलून आले होते. त्यांना वाटलं, अध्यक्षांना कसली तरी अडचण आहे. होतीच, पण ती तिथीची नव्हती. पाचच मिनिटांपूर्वी भोयर साहेबांनी एक सूचना मांडली होती आणि त्या सूचनेनं अख्ख्या समितीचा घास घशात अडकला होता.

थोडं मागचं सांगते. पंचाहत्तर वर्षांपूर्वी आमच्या वाडीतली माणसं गावातल्या थोरल्या तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. त्या दिवशी गावानं त्यांना काठ्यांनी झोडपलं. पुढची तीसेक वर्षं असं काही झालंच नव्हतं असं गाव वागलं. मग त्या झोडपण्याचा इतिहास झाला, इतिहासाला अनुदान मिळायला लागलं, आणि गावाला एकदम अभिमान वाटू लागला. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला समता दिन. सकाळी प्रभातफेरी, मग तळ्याला पुष्पहार. पाणी मात्र कोणी पीत नाही, कारण बाजारपेठेचं गटार आता तळ्यातच सोडलंय. त्या बाबतीत खरोखर समता आली आहे. मग भाषणं आणि शेवटी सहभोजन.

सहभोजन रांधायचे वरच्या आळीतले जोगळेकर आचारी. वाडीनं आळीच्या हातचं जेवायचं, ही झाली समता. उलटं करून बघावं असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आणि माझा अहवाल आदल्या दिवशीच तयार असायचा. मी मागच्या वर्षीचा समोर ठेवून उतरवून काढायची: "सर्व समाजघटकांनी सहभोजनाचा आनंद घेतला." वर्ष तेवढं बदलायचं.

तर भोयर साहेबांची सूचना अशी होती. "यंदा पंचाहत्तरावं वर्ष. जेवण वाडीतल्या बायांचा बचत गट करेल. अकरा बाया आहेत, एक नंबर स्वयंपाक करतात म्हणे. आणि शाळेची खिचडी शिजवायचं काम मागणारा त्यांचा तो अर्ज. बापूसाहेब, तुम्ही शाळा समितीचेही अध्यक्ष. त्याच्यावर तुमचा शेरा आहे, 'पालक आक्षेप घेतील.' आता गावच त्यांच्या हातचं जेवलं, तर आक्षेप कोण घेणार? त्याच दिवशी मी अर्जावर सही करतो."

"आणि गाव नाही जेवलं तर?" बापूसाहेबांनी अगदी सहज विचारलं.

"तर तुमचा शेरा खरा. अर्ज निकाली."

"फारच सुंदर कल्पना!" बापूसाहेब म्हणाले, आणि मग मला उपासाचं विचारलं.

त्या आठवड्यात तळेकोंडात भक्तीची जी लाट आली, तशी मी पुन्हा पाहिली नाही. सोमवारी नगराध्यक्ष तात्या शिर्के माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "यंदापासून बुधवार धरलाय. पांडुरंगाचा." हे गृहस्थ वर्षातून दोनदा मटणासाठी तालुक्याबाहेर जातात, हे मला ठाऊक होतं. तीन नगरसेवकांनी सौभाग्यवतींच्या तब्येतीसाठी बुधवार बोलला होता. त्यांतल्या एकाचं लग्नच झालेलं नव्हतं. मुख्याध्यापकांना कोणा महाराजांचा आदेश आला होता. खुद्द बापूसाहेबांचा षष्ठीचा उपास होता, "कुळाचार आहे हो, आमच्या आजोबांपासून." मी सगळ्यांची नावं लिहून घेतली, कारण ताटं किती लागणार हे मलाच सांगायचं होतं. शुक्रवारपर्यंत यादीत एकोणचाळीस उपासकरी झाले. उपास नसलेले असे आळीतले दोघेच उरले, आणि त्यांतला एक अंथरुणाला खिळलेला.

संध्याकाळी ती यादी घेऊन मी वाडीत गेले, आत्याकडे. भागीरथी, माझ्या बापाची थोरली बहीण. वय त्र्याऐंशी, दात चार, बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या प्रमिलाला पुढे करून अर्ज तिनंच लिहून घेतला होता. अकरा जणींच्या चुली त्या खिचडीच्या कामाकडे डोळे लावून बसल्या होत्या. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा असून नसल्यासारखा.

मी यादी वाचून दाखवली. प्रमिला खाली बसली. "मंग संपलाच की अर्ज," ती म्हणाली. "भूक न्हाय म्हनले असते तर भांडता आलं असतं. उपासाला काय बोलायचं?"

आत्या सुपारी कातरत होती. तिनं विचारलं, "उपास हाय म्हंजी काय खात न्हाईत?"

"फराळाचं खातात."

"मंग फराळाचं करू."

प्रमिला भडकली. "आत्ये, आपन उपास सोडले छप्पन साली, बावीस प्रतिज्ञा घेऊन. आनि आता त्यांच्या खोट्या उपासाचं आपन रांधायचं?"

"उपास खोटा हाय तर पाप कुनाला?" आत्या म्हणाली. "आपन साबुदाना भिजवायचा."

"येईल का पण आपल्याला?" मी म्हटलं. "त्यांच्या शंभर भानगडी असतात."

आत्या हसली. तिनं चाळीस वर्षं पाध्यांच्या परसात नारळ सोलले होते, सुपाऱ्या फोडल्या होत्या. घरात पाऊल टाकायचं नाही, पण स्वयंपाकघराची खिडकी परसाकडेच. "त्यांच्या भानगडी मी चाळीस वरसं ऐकल्यात. हळद नको. मोहरी नको. मीठ शेंधेलोणच. कोथिंबीर शिर्क्यांच्यात चालते, पाध्यांच्यात न्हाय. तवा घालायचीच न्हाय. दान्याच्या आमटीला कोकम, चिंच नको."

मी शाळेत पाठ केलेली राज्यघटनेची कलमंसुद्धा मला इतकी पक्की आठवत नव्हती.

मग तिनं पदार्थ सांगितले: साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. आणि शेवटी, "रताळी. निखाऱ्यात भाजून."

"उकडू या की," प्रमिला म्हणाली. "अडीचशे पानं हायेत. निखाऱ्यात कोन भाजत बसंल?"

"मी. आनि त्याला मीठ लावायचं न्हाय. पानावर पन मीठ वाढायचं न्हाय. ज्याला हवं तो मागंल."

"का पण?" मी विचारलं.

"तू लिवायचं काम कर," आत्या म्हणाली.

मला वाटलं, वय झालं.

बुधवारी भोयर साहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं की, आपल्या गावातील बांधवांचे उपवास लक्षात घेऊन बचत गटानं संपूर्ण उपवासाचा फराळ तयार केला आहे. मंडपात टाळ्या पडल्या. वाडीकडच्या टाळ्या मनापासून होत्या. पुढच्या रांगेतल्या टाळ्या, दाढ दुखत असताना माणूस हसतो तशा.

पानं मांडली. बाजूच्या टेबलावर, बापूसाहेबांना दिसेल असा, शाळेच्या खिचडीचा अर्ज भोयर साहेबांनी ठेवला होता. त्यावर पेपरवेट म्हणून तळ्याच्या काठचा दगड. या माणसाला नाटकं कळायची.

वाडी एका बाजूला बसली. दुसऱ्या बाजूची पंगत रिकामी. तात्या शिर्के खिचडीच्या पातेल्यावर वाकले आणि म्हणाले, "वा! काय वास आहे! फारच सुंदर!" आणि सरळ झाले. त्या समितीतल्या कोणीही आयुष्यात कशाला नावं ठेवली नव्हती. आमचं गाणं फारच सुंदर, आमचा मंडप फारच सुंदर, आमची पोरं फारच हुशार. ज्याचं खायचंच नाही, त्याची तारीफ करायला काय जातं!

"हळद नाही ना?" मुख्याध्यापकांनी चाचपून पाहिलं.

"न्हाय," आत्या म्हणाली.

"मीठ कुठलं?"

"शेंधेलोण."

"कोथिंबीर?"

"पाध्यांच्यात चालत न्हाय, म्हनून न्हाय घातली."

सगळे बापूसाहेबांकडे बघायला लागले. पुढारी कशाला असतो? बापूसाहेबांनी उपरणं सारखं केलं, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "काय आहे, माझा आजचा उपास निर्जळी आहे."

पाण्याच्या सत्याग्रहाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तळ्यापासून पन्नास पावलांवर उभं राहून माणूस निर्जळी! आणि त्यांच्या पाठोपाठ, काय योगायोग पाहा, तात्या शिर्क्यांना आठवलं की आपलाही निर्जळीच आहे. नगरसेवकांचाही. मुख्याध्यापकांच्या महाराजांनीही तसंच सांगितलं होतं. उभ्याउभ्या एकोणचाळीस निर्जळी झाले. वाडीतली पोरं त्यांच्याकडे टकमक बघत होती. मी अर्जाकडे बघितलं आणि मला रडूच आलं, संतापानं. हे सगळं आपणच उद्या "आनंद घेतला" म्हणून लिहिणार आहोत, हे कळून जास्तच.

भोयर साहेबांनी नाइलाजानं अर्जावरचा दगड उचलला.

तेवढ्यात मंडपाच्या दारात रिक्षा थांबली आणि यमुताई पाध्ये उतरल्या. बापूसाहेबांच्या आई. वय ब्याऐंशी. माहेरही वरच्या आळीतलं, सासरही वरच्या आळीतलं; दोन्ही घरांत मिळून आयुष्यात गाव सोडलं ते काशीला जाण्यापुरतं. समता दिनाला त्या कधी आल्या नव्हत्या.

"आई, तू कशाला आलीस?" बापूसाहेब धावले.

"मला रिक्षावाल्यानं सांगितलं, भागीनं रताळी भाजली आहेत." त्यांनी काठी टेकत रिकाम्या पंगतीकडे बघितलं. "कोणी बसलं नाही ते?"

"सगळ्यांचे उपास आहेत, आई. माझाही. निर्जळी."

"निर्जळी?" यमुताई म्हणाल्या. कानानं अधू माणसं बोलतात तशा मोठ्यानं. "सकाळी दोन बशा पोहे खाल्लेस, ते काय पाण्यावाचून गिळलेस?"

वाडीची पंगत हसली नाही. सगळ्यांनी पानात खाली बघितलं. काही वेळा न हसणं जास्त लागतं.

यमुताई पंगतीच्या मधोमध बसल्या. खाली बसायला त्यांना बराच वेळ लागला, आणि कोणीही हात दिला नाही, कारण कोणी द्यावा हेच ठरेना. आत्या स्वतः वाढायला आली. खिचडी, भात, आमटी यांना यमुताईंनी हातानंच नको म्हटलं. रताळं तेवढं घेतलं. साल काढली, वरची काजळी बोटांना लागली, ती तशीच राहू दिली. तुकडा तोंडात घातला. मंडपात अडीचशे माणसं होती आणि रताळं चावल्याचा आवाज ऐकू येत होता.

"भागी," यमुताई म्हणाल्या, "अळणी आहे गं."

हाय रे देवा, मी मनात म्हटलं. जेवायला एक माणूस मिळालं, तर तेही नावं ठेवणारं.

आत्या त्यांच्यासमोर उभी होती, टोपली कमरेवर. ती म्हणाली, "मीठ आनाया गेली व्हतीस. ती गेलीसच."

कोणाला काही कळलं नाही. बापूसाहेब हलक्या आवाजात भोयर साहेबांना म्हणाले, "आईला हल्ली नीटसं आठवत नाही."

"मला सगळं आठवतं," यमुताई म्हणाल्या. "मी सात वर्षांची होते, ही आठ. मोठी माणसं तळ्यावर गेली होती, कोणी पाणी प्यायला, कोणी काठ्या घेऊन. आम्ही दोघी आमच्या गोठ्यामागे. हिनं निखाऱ्यात रताळं भाजलं आणि अर्धं मला दिलं. अळणी होतं. म्हटलं, थांब, मीठ घेऊन येते. आईनं विचारलं, मीठ कशाला? मी सांगितलं. लहान होते. सांगून टाकलं."

"मंग?" प्रमिलानं विचारलं. ती सगळं विसरून डाव घेऊन पुढे आली होती.

"मग मला विहिरीवर नेऊन तीनदा आंघोळ घातली. गोमूत्र पाजलं. मला एवढंच झालं."

"माज्या बाला सा महिने कुनी कामाला लावला न्हाय," आत्या म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. "तळ्याचा राग व्हता असं समद्यांस्नी वाटलं. तळ्याचा बी व्हता. पन पयला राग रताळ्याचा. माज्या पाठचा भाऊ त्याच पावसात भुकेनं गेला. मी संध्याकाळपातूर गोठ्यामागं बसलेली. म्हटलं, येल मीठ घेऊन."

ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. माझा बाप तर तेव्हा जन्मलाही नव्हता; त्यानंही ऐकली असेल असं वाटत नाही. चाळीस वर्षं आत्या त्यांच्या परसात सुपाऱ्या फोडत होती, यमुताई खिडकीत उभ्या राहून पावसापाण्याचं बोलत होत्या, आणि दोघींच्या मध्ये हे रताळं पडलेलं होतं. मी मोठी हुशार, मला वाटलं होतं आत्यानं हा सगळा बेत अर्जासाठी केला. अर्जासाठीही केला असेल. तिला एका दगडात दोन पक्षी मारता यायचे.

यमुताईंनी डोळे पुसले नाहीत. पुसायला हात स्वच्छ नव्हता. त्यांनी मान वर केली. "बापू."

"काय आई?"

"त्या बायकांकडे जा आणि मीठ घेऊन ये." मग थोडं थांबून, "आणि परत ये."

बापूसाहेब पाध्ये, अध्यक्ष, समता दिन उत्सव समिती, अध्यक्ष, शाळा समिती, मंडपाच्या मागच्या चुलीकडे गेले. तिथे जायची वाटही त्यांना ठाऊक नव्हती, प्रमिलानं दाखवली. तिनं ओंजळीत शेंधेलोण घातलं. ते ओंजळ सांभाळत, उपरणं खांद्यावरून घसरत असताना, अडीचशे माणसांच्या मधून चालत आले. आईच्या पानावर चिमूटभर वाढलं.

"हिला?" यमुताईंनी विचारलं.

आत्या उभीच होती. तिनं टोपलीतून एक रताळं घेतलं, फोडलं, पुढे धरलं. बापूसाहेबांनी त्यावरही मीठ घातलं. आत्या यमुताईंच्या शेजारी बसली आणि दोघी खायला लागल्या.

"आता तूही बस," यमुताई मुलाला म्हणाल्या. "पोहे पचले असतील."

बापूसाहेब बसले. त्यांनी खाल्लं. आवडीनं खाल्लं असं मी म्हणणार नाही, पण गिळलं. अध्यक्षांचा निर्जळी मोडल्यावर बाकीच्यांचा टिकतो होय? तात्या शिर्क्यांनी तीनदा खिचडी घेतली. अविवाहित नगरसेवकानं कोशिंबीर परत मागितली. न जेवता निघून गेले ते नऊ जण, त्यांची नावं माझ्याकडे आहेत. भोयर साहेबांनी त्याच टेबलावर सही केली आणि दगड खिशात घातला.

त्यानंतर गाव सुधारलं, असं वाटून घेऊ नका. शाळेत पहिल्या महिन्यात चाळीस पोरं घरून डबे घेऊन येत होती. दिवाळीनंतर बारा. पुढच्या वर्षी तीन, आणि ती तिघं डबा खाऊन वर खिचडीलाही यायची. अकरा जणींच्या चुली त्यावर चालल्या, अजून चालतात. सहभोजनाचा मान मात्र पुढल्याच वर्षी समितीनं जोगळेकर आचाऱ्यांना सन्मानपूर्वक परत केला. "एकाच गटावर दर वर्षी भार नको."

त्या दिवशी संध्याकाळी मी आदल्या दिवशीचा तयार अहवाल काढला. "सर्व समाजघटकांनी सहभोजनाचा आनंद घेतला." त्याच्या खाली शाईनं एक ओळ वाढवली: "रताळ्यांत मीठ कमी असल्याचे श्रीमती यमुनाबाई पाध्ये यांनी निदर्शनास आणले. अध्यक्षांनी मीठ आणून दिले."

दुसऱ्या दिवशी सहीसाठी गेले तेव्हा बापूसाहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे लिहायची काय गरज होती, गमरेबाई?"

"खोटं आहे का, साहेब?"

त्यांनी सही केली.

आत्या त्यानंतर दोन पावसाळे जगली, यमुताई तीन. मी निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी एका कामासाठी नगरपरिषदेत गेले होते. माझ्या जागी आलेल्या मुलीनं मोठ्या कौतुकानं समता दिनाचा ताजा अहवाल दाखवला. तीसुद्धा मागच्या वर्षीचा समोर ठेवून उतरवून काढते. वर्ष तेवढं बदलते. जोगळेकरांनी त्या दिवशी मसालेभात आणि जिलेबी केली होती, रताळ्याचा पत्ता नव्हता. तरी शेवटची ओळ जिथल्या तिथे होती. यमुताई जाऊन इतकी वर्षं झाली, पण दर वर्षी त्या येतात, मीठ कमी असल्याचं निदर्शनास आणतात, आणि अध्यक्ष, कोणीही असो, मीठ आणून देतात.

"काही चुकलंय का, मॅडम?" मुलीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "उतरवताना ही ओळ गाळू नकोस म्हणजे झालं."